हॅचरीचा मस्की बारीकच असतो का? (मोठा मस्की धरणं, मोजणं, सोडणं)

गरीवाला

मिनियापोलिस-सेंट पॉल भागात गळ टाकणारी मराठी मंडळी इथे बरीच आहेत, म्हणून हा धागा काढतोय. विस्कॉन्सिन, मिशिगन, ऑन्टॅरियोवाल्यांनीही जरूर लिहावं.

ज्यांना मस्की माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मस्केलंज हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा, नॉर्दर्न पाइकच्या कुळातला. लांबसडक अंग, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि आत दातांच्या रांगा. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक लागतो, असं इथले जुने लोक सांगतात. मिनेसोटात ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही. त्याहून मोठा लागला तरी बहुतेक जण ठेवत नाहीत. मोजायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा.

हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडला. त्याच आठवड्यात मिनेटोंका तळ्यावर मला ५० इंची मस्की लागला. बकटेल (केसांच्या झुपक्याचं कृत्रिम आमिष) ओढत होतो. मासा आमिषामागे येताना दिसला, पण तोंड उघडेना. होडीला खेटून रॉडचं टोक पाण्यात बुडवलं आणि इंग्रजी आठचा आकडा काढायला लागलो. दुसऱ्या वळणावर त्याने आमिष कल्ल्यांपर्यंत घेतलं. इतक्या जवळून मस्कीचा जबडा मिटताना पाहिला की हात थरथरतात, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

आता मुद्दा. मासा लांब होता पण अंगाने अगदीच रोड. डोकं मोठं, डोक्यामागे पाठ उतरलेली, पोट सपाट. घेर भरला १९.५ इंच. पोटाखालच्या जोडीतला डावा पर नव्हताच. त्या जागी जखमही नाही, गुळगुळीत कातडी. शेपटीच्या खालच्या पाकळीची कड फाटून भरून आलेली. वरच्या ओठावर जुन्या गळाचा व्रण.

होडीत सोबत असलेला मित्र म्हणाला, "हॅचरीचा दिसतोय, हे असेच निघतात." हॅचरी म्हणजे पिल्लं तयार करायचं मत्स्यबीज केंद्र. मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. मिनेटोंकात मस्की मुळात नव्हताच, सगळे सोडलेलेच आहेत. मग हे सगळे असेच बारीक राहणार का? आणि तो पर कुठे गेला?

---

शिरगावची

गरीवाला, अभिनंदन! पन्नाशी गाठलेला मस्की ही मोठी गोष्ट आहे.

मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, आता बरीच वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे. इथे वसंतात हॅचरीच्या कामाला स्वयंसेवक म्हणून हात लावते, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिते.

आधी पर. तो बहुतेक मुद्दाम कापलेला असणार. तळ्यात सोडण्याआधी बोटुकलीचा (वाढवलेल्या पिल्लाचा) एखादा पर मुळाशी कापतात. एका वर्षी डावा, दुसऱ्या वर्षी उजवा, असं ठरवून. पुढे जाळ्यात मासा आला की तो हॅचरीचा की तळ्यात जन्मलेला आणि कोणत्या साली सोडलेला, याचा अंदाज बांधता येतो. मुळाशी कापलेला हा पर सहसा पुन्हा नीट येत नाही. पाइकने तोडला असता तर कडेला वेडंवाकडं काहीतरी उरलं असतं. तेव्हा तुमचा मासा हॅचरीचा, हे मित्राचं म्हणणं बरोबर असू शकतं. बारीकपणाचं कारण मात्र वेगळं आहे.

तुम्ही तो जूनच्या पहिल्या आठवड्यात धरलात. मस्कीची वीण एप्रिलअखेर ते मे, पाणी १०-१३ अंश सेल्सियसच्या आसपास आलं की. पन्नास इंची मासा म्हणजे जवळजवळ नक्की मादी, कारण नर एवढे वाढत नाहीत. काही आठवड्यांपूर्वी तिने पोटातली सगळी अंडी टाकली आहेत, त्याआधी हिवाळाभर थंड पाण्यात फार काही खाल्लेलं नाही. जूनमध्ये ती तशीच दिसणार. तीच मादी नोव्हेंबरात धरली असती तर तुम्ही ओळखली नसतीत.

वजनाचा ढोबळ हिशोब असा: लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००, सगळं इंचांत, उत्तर पाउंडांत. तुमच्या माशाचं येतं जेमतेम २४ पाउंड, म्हणजे ११ किलोच्या आत. हीच मादी शरदात खाऊन घेर २४ इंच झाली तर ३६ पाउंड, १६ किलोच्या वर. लांबी तीच, हाडं तीच.

आणि वय पाहा. एवढी मादी पंधराच्या आसपासची असते. त्यातले हॅचरीत गेलेले महिने पाचेक. वसंतात उथळ खाडीत जाळी लावून पिकलेल्या माद्या धरतात, पोटावरून हात फिरवून अंडी काढतात, वर नरांचं वीर्य घालतात आणि मोजमाप करून माद्या परत तळ्यात सोडतात. अंडी फुटायला साधारण दोन आठवडे. मत्स्यजिरे (नुकतीच फुटलेली पिल्लं) आधी पाण्यातले सूक्ष्म जीव खातात, मग सकर माशाची पिल्लं, मग मिनो नावाचे छोटे मासे. खाणं अर्धा दिवस उशिरा आलं तरी एकमेकांना गिळायला सुरुवात करतात. मी स्वतः पाहिलंय: एका पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपूट बाहेर, दोघं जवळजवळ एकाच मापाचे, आणि दोघंही मेलेले. शरदापर्यंत १०-१२ इंचांचे झाले की ट्रकमधून तळ्यात. त्यानंतरची सगळी वर्षं तो तळ्याचाच मासा. त्याच्या पोटाचा घेर पाच महिन्यांच्या हॅचरीवर ढकलता येत नाही.

---

हिमपक्षी

शिरगावचीताई, माहिती उत्तम, पण मी थोडा असहमत. हॅचरीला इतकं सहज सोडून देऊ नका.

मिनेसोटाचंच उदाहरण घ्या. व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात शूपॅक नावाचं लहानसं तळं आहे. तिथला मस्की सहज धरता यायचा, म्हणून अनेक वर्षं त्याचीच अंडी घेऊन राज्यभर पिल्लं सोडली. तो मासा त्या एकाकी तळ्याला सरावलेला, चाळीस इंचांवर क्वचित जाणारा. मोठ्या तळ्यात सोडला तरी तो लहानच राहिला. एक अख्खी पिढी मस्कीसाठी झुरली आणि तळ्यात होते ते हे मासे. शेवटी १९८० च्या दशकात शूपॅक आणि लीच लेक हे दोन वंश शेजारी वाढवून तुलना केली, तेव्हा लीच लेकचा वंश कितीतरी मोठा होतो हे दिसलं आणि राज्याच्या मत्स्य खात्याने तो घेतला. तरी शूपॅकचं रक्त काही तळ्यांत अजून सापडतं.

म्हणजे हॅचरीने निवडलेल्या आईबापांचा परिणाम पुढची कित्येक वर्षं राहतो. जिथे मस्की आपसूक वितो तिथे हात न लावणं हेच उत्तम, असं माझं ठाम मत आहे.

---

शिरगावची

हिमपक्षी, शूपॅकबद्दल शंभर टक्के मान्य. तुमच्या शेवटच्या वाक्यालाही माझा विरोध नाही. पण तो वंशाचा प्रश्न झाला. "हॅचरीत वाढला म्हणून रोड" हे वेगळं विधान आहे आणि ते टिकत नाही.

मिलॅक्स तळं पाहा. तिथला मस्की खात्याने सोडलेल्या पिल्लांवर उभा आहे, वंश लीच लेकचा. २२ नोव्हेंबर २०२१ ला नोलन स्प्रेंगलर यांनी तिथे जो मस्की धरला तो ५५ पाउंड १४.८ औंस, लांबी ५७.७५ इंच, घेर २९ इंच. २५ किलोच्या वर! मिनेसोटाचा वजनाचा विक्रम त्याने मोडला, जो १९५७ पासून विनिबिगोशिश तळ्यातल्या ५४ पाउंडी माशाच्या नावावर होता. विनिबिगोशिश हे मस्कीचं मूळ घर. म्हणजे मूळच्या पाण्यातल्या माशाचा विक्रम सोडलेल्या माशांच्या तळ्याने मोडला. पुढच्या जूनमध्ये त्याच मिलॅक्समध्ये ५८.२५ इंची मस्की धरून सोडला गेला, तो तेव्हा लांबीचा विक्रम ठरला.

मिलॅक्स एक लाख तीस हजार एकरांवर पसरलेलं, मासे संख्येने थोडे, खायला पर्च, वॉलाय, टुलिबी. थोडे मासे आणि भरपूर अन्न, एवढंच त्यामागचं कारण.

उलट विस्कॉन्सिनमध्ये अशी लहान तळी आहेत जिथे मस्की आपसूक भरपूर वितो, हॅचरीचा संबंध नाही, आणि मासे तीस-पस्तीस इंचांवर अडकलेले, अंगाने काठीसारखे. राज्याची किमान मर्यादा ४० इंच असताना अशा काही तळ्यांवर ती २८ इंच ठेवली आहे, ती लोकांनी काही मासे न्यावेत म्हणून. निसर्गात जन्मला म्हणून धष्टपुष्ट, असं काही नाही.

---

पाणमांजर

वाचतेय. दोघांचेही प्रतिसाद वाचनखूण करून ठेवले.

एक शंका: कोळंबी किंवा रोहूला देतात तसं गोळी-खाद्य मस्कीला देत नाहीत का? मिनो विकत घेणं किती महाग पडत असेल!

---

शिरगावची

महाग पडतंच, खूप. म्हणूनच प्रयोग झाले. शुद्ध मस्की गोळीला सहसा तोंड लावत नाही. पाइक आणि मस्कीचा संकर, म्हणजे टायगर मस्की, गोळी सहज खातो, म्हणून अनेक राज्यांत तो टाक्यांमधून वाढवतात. तो वांझ असतो, त्यामुळे संख्याही हातात राहते.

गोळीवर वाढलेलं पिल्लू दिसायला गुटगुटीत असतं, वजन काट्यावर छान भरतं. पण तळ्यात सोडल्यावर ते उघड्या पाण्यात, वरच्या थरात रेंगाळतं, कारण आयुष्यभर खाणं वरूनच पडलेलं. गवतात दबा धरून बसायचं त्याला सुचत नाही, आणि लार्जमाउथ बास ते उचलतो. मिनोवर वाढलेलं पिल्लू कदाचित सडसडीत असेल, पण शिकार शिकलेलं असतं. म्हणून काही ठिकाणी आधी गोळी आणि सोडण्याआधीचे काही आठवडे जिवंत मिनो, असा मध्यम मार्ग काढला आहे.

पिल्लांची तब्येत नुसत्या जाडीवरून ठरवू नये असं मला यामुळेच वाटतं. मी पाहते ते परांच्या कडा. दाटीच्या टाकीत पर घासून झिजतात, कडा पांढऱ्या पडतात, त्यावर बुरशी धरते. पर स्वच्छ आणि डोळे साफ असतील तर पिल्लू निरोगी. नेताना ट्रकमधलं पाणी आणि तळ्याचं पाणी यांच्या तापमानात फार फरक असेल तर हळूहळू तळ्याचं पाणी मिसळत जातात. घाई केली तर चांगली पिल्लंही काठावरच उलटी होतात. शरदात सोडण्याचं कारणही हेच: पाणी गार, बासची भूक कमी, आणि पिल्लू एव्हाना गिळायला अवघड झालेलं.

गरीवाला, तुमच्या माशाची फाटकी शेपूट मात्र हॅचरीतली नव्हे. तिथली झीज सोडल्यावर काही महिन्यांत भरून येते. पंधरा वर्षांच्या मादीची शेपूट विणीच्या वेळी उथळ पाण्यात घासून फाटते, किंवा गाठींच्या जुन्या जाळ्याने.

---

इंद्रायणीकाठ

पुण्याहून लिहितोय. मस्की कधी पाहिलेला नाही, पण हा धागा वाचताना आपल्या खडस माशाची आठवण आली नाही असं झालंच नाही.

लोणावळ्याला टाटा पॉवरच्या तलावांवर १९७० च्या दशकापासून खडस म्हणजे महाशीर माशाची कृत्रिम वीण केली गेली. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांचं ते काम जगभरच्या मत्स्यतज्ज्ञांना माहीत आहे. नद्यांवर धरणं झाली, सुरुंग लावून मासेमारी झाली, देहू-आळंदीच्या डोहांत आणि महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाच्या नावाने राखलेले मासे तेवढे हमखास दिसायचे. अशा काळात लोणावळ्याने लाखो पिल्लं तयार केली. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली. खडस मूळचा कृष्णेच्या खोऱ्यातला. कावेरीचा स्वतःचा वेगळा महाशीर आहे, कुबड असलेला, प्रचंड वाढणारा. १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाने धरलेला १२० पाउंडी महाशीर त्याच भागातला. पुढे कावेरीत निळ्या पराचा खडस वाढत गेला आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. गंमत नाही, खरी दुःखाची गोष्ट अशी की त्या माशाची शास्त्रीय ओळख टोर रेमादेवी म्हणून पक्की झाली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

सोडलेले खडस तब्येतीने उत्तम होते. इतके उत्तम की नदी त्यांनी व्यापली. तेव्हा हॅचरीच्या माशाची तब्येत चांगली की वाईट, याच्या आधी तो कुठे सोडतोय हे विचारायला हवं. हिमपक्षी यांच्या मताला माझा पाठिंबा.

---

हिमपक्षी

इंद्रायणीकाठ, हे मला माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद. मिनेटोंका किंवा मिलॅक्ससारख्या ठिकाणी सोडणं आणि स्वतःचा वंश असलेल्या पाण्यात परका वंश सोडणं, यात फरक करायलाच हवा. विस्कॉन्सिनमध्येही कोणत्या खोऱ्यातली अंडी कुठल्या तळ्यात न्यायची यावर आता बंधनं आहेत, ती उगाच नाहीत.

शिरगावचीताई, मिलॅक्सच्या माशाला तुमचं सूत्र लावून पाहिलं. ६० पाउंडांच्या वर येतं, काट्यावर भरला ५६ च्या आत. म्हणजे फुगलेल्या माशाला ते जास्त देतं?

---

शिरगावची

हो. पोट एकाच जागी फुगलेलं असेल, नुकताच मोठा मासा गिळला असेल तर घेराचा वर्ग हिशोब वाढवतो. म्हणून जीवशास्त्रज्ञ त्या लांबीच्या माशाचं प्रमाण वजन धरून तुलना करतात. त्याच्या १०० टक्क्यांच्या आसपास म्हणजे चांगला भरलेला. एका तळ्यातले बरेच मासे जर शरदातही खूप खाली भरत असतील तर अन्न कमी किंवा मासे जास्त. एका माशावरून तळ्याचं निदान करू नये.

टुलिबीबद्दल एक राहिलं. हा चरबीदार मासा जिथे आहे तिथला मस्की जाड होतो. पण टुलिबीला उन्हाळ्यात खोलवर गार आणि प्राणवायू असलेलं पाणी लागतं. उन्हाळे तापू लागले तसे अनेक तळ्यांत तो कमी होतोय. वीस वर्षांनी मस्की बारीक दिसले तर लोक पुन्हा हॅचरीलाच बोल लावतील, याची मला काळजी वाटते.

---

तळेकर

मी मस्कीच्या मागे बरीच वर्षं आहे, आणि ओठावरच्या त्या व्रणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तो मासा आधी कुणीतरी धरून सोडला होता, म्हणून तुम्हाला मिळाला. तेव्हा नवीन मंडळींनी हे वाचाच.

आधी सामान, मग मासा. मोठं, खोल, रबराचा लेप असलेलं बिनगाठीचं जाळं. लांब पकड. गळ तोडणारी जाड कात्री, आणि ती हाताशी, डब्याच्या तळाला नव्हे. ८० ते १०० पाउंडी विणलेली दोरी, पुढे पोलादी किंवा जाड फ्लुरोकार्बनचा तुकडा. बारीक दोरीवर मासा दमवण्यात मर्दुमकी नाही. त्यात त्याचा जीव जातो.

जाळ्यात आला की जाळं पाण्यातच. मासा पाण्यात, कल्ले हलतायत, आणि तुम्ही वाकून गळ काढताय. खोल अडकला असेल तर ओढू नका, गळ कापा. फोटोवाला तयार झाला की मगच उचला. एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, कल्ल्यांना बोट न लावता, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. उभा लटकवलेला वीस-पंचवीस पाउंडी मस्की आतून फाटतो, फोटोत ते दिसत नाही. मोजपट्टी आधी ओली करा. तुमचा श्वास रोखून धरा, तुम्हाला सोडावासा वाटला की मासा पाण्यात परत गेलाच पाहिजे. मग शेपटीच्या मुळाशी धरून सरळ ठेवा, तो स्वतः हिसका मारून जाईपर्यंत.

आणि एवढं करूनही कधी मासा तगत नाही. मिलॅक्सचा तो विक्रमी मासासुद्धा सोडायचा खूप प्रयत्न झाला, तो सावरला नाही म्हणून ठेवला गेला.

---

गरीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला धागा पाठवला आहे. कापलेल्या पराचा फोटो, लांबी, घेर आणि तारीख खात्याच्या स्थानिक मत्स्य कार्यालयाला ईमेल केली. साल कळलं तर इथे लिहीन.

तळेकर, जुलैअखेरीला भावाचं कुटुंब चिपळूणहून येतंय. पुतण्या तिथे वाशिष्ठीवर गरवायला जातो, त्याला मस्की दाखवायचाय. तेव्हा पाणी फार तापतं का?

---

तळेकर

मिनेटोंकासारख्या तळ्यात तापतं. होडीवर थर्मामीटर असू द्या. वरचं पाणी २७ अंश सेल्सियसच्या जवळ गेलं की मी मस्कीचा रॉड बाहेरच काढत नाही. त्या पाण्यात धरलेला मासा डोळ्यांदेखत पोहत जातो आणि नंतर खाली मरतो. लीच लेककडे चार दिवस जाता आलं तर बघा, उत्तरेला पाणी जरा गार असतं, पहाटे आणि संध्याकाळी गळ टाका. नाहीतर पुतण्याला धक्क्यावरून सनफिश गरवू द्या, आणि मस्कीसाठी सप्टेंबरअखेर बोलवा.

---

शिरगावची

+१. आणि पुतण्याला हॅचरी दाखवायची असेल तर विस्कॉन्सिनला वुडरफची आर्ट ओम्के हॅचरी पाहता येते. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. जुलैअखेर तलावांत बोटुकल्या असतात, पाण्यात हात मात्र घालू देऊ नका.